वाऱ्याला न कळता नेलेलं पाणी

३ डिसेंबर, बुधवार

मानवजातीवर झालेल्या मोठ्या अन्यायांची नोंद घ्यायला इतिहासकार आहेत. बारक्या अन्यायांची जबाबदारी माझ्यावर. तर: आज सकाळी फ्रिज उघडला आणि आत पाण्याची एकही बाटली नव्हती. थंडीतही फ्रिजचंच पाणी पिणारा मी नागपूरचा माणूस. उघड्या फ्रिजसमोर इतका वेळ उभा राहिलो की शेवटी फ्रिजच कण्हायला लागला.

बाटल्या जेवणाच्या टेबलावर सापडल्या. ओळखपरेडला उभ्या केल्यासारख्या रांगेत. समोर वैशाली, हातात दात मोजायचा चिमटा. सव्वीस वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं तेव्हा लग्नपत्रिकेत यातलं काही छापलं नव्हतं.

"काय करून राहिली वं?"

"वाऱ्याले कोणती कमी दिसते ते पाहून राहिले."

"वाऱ्याले डोळे असतात?"

"डोळे नसतात, राग असते. गोल वस्तू समोर आली का तिच्या मागे भोवरे करत बसते. मग ते भोवरे आपल्याले मागे ओढतात."

तांब्याने पाणी प्यायलो. तांबा चांगलाच गोल आहे, पण त्याला अजून कोणी सायकलवर बसवलेलं नाही. वेळ येईल.

(वै.वर पेपरातल्या सदरात एक ओळही लिहायची नाही, असा करार आहे. म्हणून इथे.)

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी दीक्षाभूमीला जाऊन आलो. वै., मी आणि आई. आई म्हणजे वै.ची, त्या आमच्याकडेच असतात आणि वर्षभर विणतात, नागपूरच्या मे महिन्यातही. परतताना गाडीत त्यांनी विषय काढलाच.

"यंदाबी जाणार हाय काय तू त्या खाप्याले?"

खापा म्हणजे फेब्रुवारीतली सायकलची टाइम ट्रायल. सावनेर रोडच्या एका शाळेच्या मैदानातून निघायचं, खाप्याला वळसा घालून परत, आणि पुन्हा एकदा तेच. एकेकट्याने. भांडण फक्त घड्याळाशी. वेळ संपली की मैदानाचं गेट लावतात. बाहेर राहील त्याचं नाव लागत नाही. गेल्या वर्षी वै.ने वारा वाचवायला एकच बाटली नेली, तीही अर्धी प्यायली. गेट तोंडावर लागलं. आणि त्याच आठवड्यात मुतखड्याने हॉस्पिटल. तिथले डॉक्टर म्हणाले होते, "मॅडम, पाणी पोटात पाहिजे. बाटलीत असून उपयोग नाही."

वै. मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, शब्द देते. यंदा दोन बाटल्या पूर्ण पिऊन, अन् गेट लागायच्या आत. दोन्हीतलं एक जरी हुकलं तर सायकल विकून टाकीन."

"कोण घेईन वं ते? तिले कॅरिअरबी नाही."

मी हसलो. आरशात पाहिलं तर वै. हसत नव्हती.

७ डिसेंबर, रविवार

खोब्रागडे सर नाश्त्याला. नंदनवनात वै.च्या दवाखान्यामागे राहतात. कॉलेजात रसायन शिकवून निवृत्त झाले, आता शिकवायला कोणी उरलं नाही म्हणून सायकल चालवतात. वै.चे सराव-सोबती. खिशात स्पर्धेचं नियमपुस्तक, सीटच्या मागे नारिंगी बाटली, शेपटीसारखी वर आलेली. मी त्यांना मनात बाटलीशास्त्री म्हणतो.

तर्रीपोह्याची प्लेट बाजूला सारून सरांनी टेबलावर दोन्ही कोपरं टेकली, हात पुढे जोडले. "भाऊ, असं बसा लागते सायकलवर. आता हे पाहा. दोन हातांच्या मधी फट राहिली नं? वारा इथूनच घुसते अन् छातीवर आपटते. इथं एक बाटली आडवी निजवून द्या." त्यांनी फटीत माझी बाटली आडवी ठेवली. "फसला वारा. त्याले वाटते हे सारं एकच हाय. चालला बिचारा बाजूनं."

"म्हणजे बाटली ठेवली की अडथळा कमी होतो?"

"कमी होते."

"न ठेवण्यापेक्षाही?"

"नीट ठेवली तर, हो."

पोहे गार होईपर्यंत त्या फटीकडे बघत राहिलो. पाणी वाढवलं आणि ओझं घटलं. एक वस्तू आणखी घालून अडथळा कमी झाल्याचं उदाहरण मला निदान कोणत्याही कचेरीत सापडलेलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हातांमधली बाटली आडवी राहायला खोबण हवी. बाजारातली तिच्या हातांना बसेना. वै.ने ती दवाखान्यातून करून आणली, कवळीच्या हिरड्या करतात त्या गुलाबी मालातून. सायकलच्या तोंडाशी आता चकचकीत हिरडी. दात तेवढे नाहीत.

पाणी प्यायची नळी बाटलीतून थेट ओठांपाशी, म्हणजे हात हलवायचा नाही आणि मानही नाही. नळी कुठली ते ओळखलं मी. पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढायची.

"नवी आहे," वै. म्हणाली. मी काही विचारायच्या आतच.

१४ डिसेंबर, रविवार

आता दुसरी बाटली. ती खालच्या दांडीवर बसवायची की सरांसारखी सीटमागे? परदेशात म्हणे वाऱ्याचे बोगदे असतात, त्यात सायकल ठेवून बघतात. आपल्याकडे तसलं काही नाही, असं मी म्हणणार तोच वै.ची नजर गॅलरीकडे गेली. तिथे मार्चपर्यंत प्लास्टिक गुंडाळून निजवलेला आमचा कूलर.

कूलर हॉलमध्ये. मोठा, पत्र्याचा. त्यातलं गवत काढलं. समोर सायकल स्टँडवर, तीवर वै., सगळ्या अंगावर आणि दोन्ही बाटल्यांवर चिकटपट्टीने लावलेले आईंच्या निळ्या लोकरीचे बोटभर धागे.

"थंडीत कूलर?" आई शालीतून. "न्युमोनिया घेता काय समदे?"

समोरच्या बिल्डिंगमधले काका गॅलरीत येऊन चहा पिऊ लागले. चहा संपला तरी कप तोंडाला लावून होते.

बटण दाबलं.

इथे विनोद लिहायचा होता. येत नाही.

सगळे धागे एकदम उठले. खांद्यावरचे मागे सरळ झोपले. कोपरापाशी दोन-तीन चुळबुळ करत होते. सीटमागच्या उभ्या बाटलीच्या मागे मात्र धागे वेडे झाले, उलटे फिरून बाटलीलाच चिकटू लागले. आणि हातांमधल्या आडव्या बाटलीवर एकूण एक धागा शांत, केस विंचरल्यासारखा. चोपन्न वर्षं हवेत राहतो आहे. हवा आज दिसली.

आईसुद्धा विणायच्या थांबल्या. म्हणाल्या, "पाण्यावानी वाहते नं हे."

मग तीच बाटली खालच्या दांडीवर बसवून पाहिली. सीटमागच्यापेक्षा शांत दिसली. निर्णय: खालची दांडी. सर फोनवर म्हणाले, "पुस्तकात तं उलटं सांगतात." वै. म्हणाली, "मी डोळ्यांनी पाहिलं, सर."

२८ डिसेंबर, रविवार

दोन आठवडे सराव. वै. हळू झाली आहे. पाय तेच, रस्ता तोच, वेळ वाढलेली.  काल तिने जेवताना कोशिंबिरीच्या वाटीभोवती वरण कसं वाहतं ते बघितलं, जेवली नाही.

आज दुपारी परत कूलर लावला. या वेळी सायकल नाही, काहीच नाही. एक धागा चिमटीत धरून नुसती समोर उभी राहिली. धागा सरळ यायला हवा होता. तो डावीकडे वळला. पाऊल सरकवलं, वर वळला. ती सरकत गेली तसा तो फिरत गेला, पूर्ण गोल.

कूलरच्या पंख्याची हवा. पिळून येते, जिलबीसारखी. रस्त्यावरचा वारा सरळ येतो.

वै. फरशीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अहो, पंधरा दिवस मी आपल्या कूलरविरुद्ध सायकल चालवून राहिले होते!"

मग तेच पाणी पुसत म्हणाली, "फेब्रुवारी कुठं लांब हाय आता."

हसणं कुठे संपलं ते कळलं नाही. कूलर बंद केला मी.

४ जानेवारी, रविवार

वै.ची नवी युक्ती. साधी. मनीषनगरच्या उड्डाणपुलाचा उतार. वरून सायकल नुसती सोडायची. पॅडल नाही, ब्रेक नाही, अंग तसंच दुमडलेलं. जिथे थांबेल तिथे खडूची खूण. मग बाटलीची जागा बदलायची, पुन्हा वर. वजन बदलू नये म्हणून दोन्ही बाटल्या प्रत्येक वेळी बरोबरच, लागली तर एक पाठीवर कपड्यात.

पहाटे धुकं, वाऱ्याचा पत्ता नाही. मी खाली कानटोपी घालून उकिडवा, हातात खडू. मराठी व्यंगलेखनाचं भवितव्य.

गस्तीवरचा पोलीस थांबला. "काका, रांगोळी काढून राहिले काय?"

"वारा मोजतोय."

"आज तं वाराच नाही."

"म्हणूनच आज."

तो थोडा विचार करून गाडीवरून उतरला. "दाखवा मंग."

खालच्या दांडीवर बाटली: दिव्याच्या खांबाशी खूण. सीटमागे: खांबाच्या पुढे, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढी पुढे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पोलीस आता माझ्या शेजारी उकिडवा. "म्हणजे सर बरोबर होते," वै. म्हणाली, जणू सर त्या पोलिसाच्या ओळखीचेच.

शेवटी हातांमधली बाटली. एकदा काढून, एकदा ठेवून. काढून: खूण. मग ठेवून. सायकल धुक्यातून आली, आवाज न करता. मागच्या खुणेपाशी आली आणि थांबली नाही. मी खडू धरून तिच्याबरोबर चालत राहिलो. पोलीसही चालत राहिला. जणू कोणी मागून हळूच ढकलतं आहे.

थांबली तेव्हा मी खूण केली.

"ढकललं कोणं?" पोलीस म्हणाला.

"पाण्यानं," वै. म्हणाली.

१८ जानेवारी, रविवार

सर खूश. पोह्यांवर नाही, स्वतःवर. "मी सांगतलं होतं नं मॅडम? शेपटी!" मग गंभीर: "पण शेपटीचा एक दोष हाय. रस्त्याले धक्का बसला का बाटली उडते. माह्या किती गेल्या, मोजल्या नाही."

वै.ने तिथे दातांच्या तारांना लावतात ती बारीक रबरं ताणून बांधली. मी सायकल धरून घरभर आदळत फिरवली. नाही उडाली.

२५ जानेवारी, रविवार

आज मागून गाडी घेऊन गेलो. पाहायचं हे होतं की ती पाणी कधी पिते.

पिताना काही दिसतच नाही. पाठ टेबलासारखी सपाट, डोकं दोन खांद्यांमध्ये. मोठ्या वयात सायकल शिकणाऱ्यांना हे बसणंच जमत नाही, सर म्हणतात. कंबर, मान, सगळं बोंबलतं. वै.ला पहिल्याच दिवशी जमलं. पंचवीस वर्षं ती तशीच वाकून उभी आहे, लोकांच्या जबड्यात बघत. मी रोज तिला संध्याकाळी पाठीला बाम लावून द्यायचो आणि वाटायचं, झिजते आहे. ती तयार होत होती.

गाडीतून उतरल्यावर हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं ते असं: "नळी बरी काम करून राहिली."

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. ऊन वाढलंय. आयोजकांचा निरोप: पाण्याची जागा एकच, खाप्याच्या वळणावर, तीही थांबून प्यायची. थांबलं की वेळ गेली. म्हणजे सगळं स्वतःबरोबरच न्यायचं.

आईंनी बाटल्या भरल्या. मीठ-साखर-लिंबू. झाकण लावताना म्हणाल्या, "इतकुशा पाण्यावर पोरगी चाल्ली."

२२ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळ. 

सकाळी मैदानावर सरांनी मला बाजूला घेऊन पुस्तक उघडलं. "भाऊ, बाहेरच्या माणसाजवळून पाणी घेतलं का स्पर्धक बाद. लिहून हाय. तुमी फक्त टाळ्या वाजवा." बरं म्हटलं. मी कन्हानच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. तिथून ती चार वेळा दिसणार होती. बायका आधी सुटल्या, सर बरेच मागून.

पहिल्यांदा. आधी आवाज, चाकांचा बारीक सूं. मग ती. कितीदा पाहिलं असेल तिला, रांधताना, भांडताना, पेशंटच्या पोराला समजावताना. हे नव्हतं पाहिलं. हात, बाटली, बाई असं वेगवेगळं काही उरलं नव्हतं. एकच सलग काहीतरी नदीवरून सरकत गेलं. वारा तिच्यावरून निजून जात होता, त्या दिवशीच्या धाग्यांसारखा. टाळ्या वाजवायच्या राहिल्या.

दुसऱ्यांदा, परतताना. पुलाच्या सांध्यावर एक ठक्. रबर तुटलं. सीटमागची बाटली वर उडाली, उन्हात चमकली, कठड्याला आपटून माझ्या पायाशी आली. भरलेली. झाकणही शाबूत. वै.ला कळलं, मान किंचित हलली. थांबली नाही. थांबली असती तर गेट.

उचलली. नंतरचा बराच वेळ मी पुलावर एका भरलेल्या बाटलीबरोबर काढला. तिची पुढची आता रिकामी झाली असणार. अर्धी वाट बाकी, ऊन डोक्यावर. पोटात पाहिजे, बाटलीत असून उपयोग नाही. आणि ती बाटली माझ्या हातात, मी बाहेरचा माणूस.

तिसऱ्यांदा. मी रस्त्याच्या कडेला जाऊन हात पुढे केला. हो, केला. बाटली अशी धरली की तिने फक्त बोटं मिटावीत. पुलावर दुसरं कोणी नव्हतं. तिने बाटलीकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"नाही!"

एवढंच, आणि गेली. माझ्या हाताला तिचा वारा लागला.

मागून सर आले. मी ओरडलो, "सर, तिची बाटली पडली!" बस, तेवढंच. सरांनी वर पाहिलं नाही. फक्त डोकं आणखी खाली घातलं आणि पायांचा वेग वाढला. त्या वयाच्या माणसाचा तसा वेग मी पाहिलेला नाही.

चौथ्यांदा तीच आधी आली. लांबूनच दिसलं की काहीतरी बदललंय. जवळ आली. गुलाबी खोबणीत नारिंगी बाटली होती. नळी तिच्या ओठांत, गालाला खळी पडत होती, म्हणजे पीत होती. मी काय ओरडलो माहीत नाही. खाली नदीत म्हशी धुणारा माणूस वर बघायला लागला.

सर पुष्कळ वेळाने आले. सीटमागे रिकामी जागा. एक हात पोटरीवर.

गाडी मैदानावर घेऊन गेलो तेव्हा गेट लागलं होतं.  सळ्यांमधून पाहिलं: वै. आत होती. जमिनीवर पाय पसरून, शेजारी दोन रिकाम्या बाटल्या, एक तिची, एक नारिंगी.

सर गेटबाहेर राहिले. आयुष्यात पहिल्यांदा, असं कोणीतरी म्हणालं. पोटरीतला गोळा दाबत ते कट्ट्यावर बसले होते आणि मला म्हणाले, "मॅडम आत हाय नं? बस मंग. घेऊन जा त्यायले, ऊन लय हाय."

हे इथे संपायला हवं होतं. वै. उठली, पाय ओढत निकालाच्या टेबलाशी गेली.

"लिहायच्या आधी ऐका. दुसरी बाटली माझी नव्हती. खोब्रागडे सरांनी चालत्या सायकलवर दिली."

टेबलावरच्या तरुणाने पेन वर धरलं. सर गेटबाहेरून ओरडले, "मॅडम, गप बसा नं! कायले सांगून राहिल्या? मी बाहेरचा थोडीच होतो, स्पर्धेतच होतो!"

"मग सांगायले काय हरकत हाय, सर?"

टेबलावर दोन गट पडले. एक म्हणे स्पर्धक बाहेरचा कसा. दुसरा म्हणे स्वतःचं नाही ते सगळं बाहेरचंच. पुस्तक उघडलं; त्यात यावर अक्षर नाही. शेवटी: "मॅडम, समिती बसवून कळवतो."

समित्यांवर मी आजवर एवढं लिहिलंय. आज समितीकडे लक्षच नव्हतं. मी नुसता तिच्याकडे बघत होतो. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. घसा कोरडा असताना माझा हात नाकारला, आणि प्यायल्यावर लगेच जाऊन सांगितलं. सव्वीस वर्षं मी या बाईच्या घरात राहतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आई: "दोन बाटल्या पेली नं? गेटच्या आत आली नं? मंग शब्द पुरा झाला."

वै.: "निकाल येऊ दे."

"त्या लोकायले काय कळते?"

"आई, बाटली कोणाची हे मले कळते नं."

सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकून. पुसलेली. कोणी हात लावत नाही तिला. विकायची म्हणाली नाही, ठेवायची म्हणाली नाही. मुतखड्याची सोनोग्राफी शनिवारी.

मी विचारलं, सरांनी बाटली देताना काय म्हटलं?

"काही नाही. बाजूले आले, हात मागे नेला, बाटली काढली, धरली. मी घेतली. नियमाचं मनात आलं होतं माझ्या. त्यायच्याही आलं असन. ते म्हणजे नियम पाठ असलेला माणूस." मग: "मी त्यायच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर घेतली नसती."

बाटलीशास्त्री हे नाव रद्द.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सदर द्यायचा दिवस. विषय: नळाला येणारी हवा. लिहून झालं, पाठवलं. वाचून पाहिलं तर धार कमी. हवेवर आता सहज चेष्टा जमत नाही.

समितीचा फोन नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नारिंगी बाटली चार दिवस आमच्या भांड्यांच्या टोपलीत उलटी. वै. म्हणते, निकाल लागला की स्वतः नेऊन देईन, आता कोणत्या तोंडाने जाऊ. तिचं खरं आहे. पण पुलावरून सरांना ओरडून सांगणारा मी होतो. तिने मागितलं नव्हतं काही.

सकाळी तिला दवाखान्यात सोडलं. ती वर गेल्यावर बाटली काढली. घरूनच ब्रशने आतून घासून, उकळत्या पाण्याने धुऊन आणली होती. दवाखान्याच्या नळावर गाठलं शिपायाने, "साहेब, मी भरून देऊ?" नको म्हटलं. काठोकाठ भरली. मग थोडं ओतून मीठ, साखर, लिंबू. आईंचं प्रमाण, खिशात पुडीत होतं.

सरांच्या व्हरांड्यात सायकल. आत रेडिओ, आणि सर कोणाला तरी सांगत होते, "अरे, पोटरी बरी हाय, ते नाही दुखत." बेल वाजवली नाही. वाजवली असती तर बसावं लागलं असतं, पोहे आले असते, आणि मी काहीतरी चटपटीत बोलून गेलो असतो.

सीटमागच्या रिकाम्या जागेत बाटली सारली. आत जाऊन घट्ट बसली. त्यांनी भरलेली दिली होती.

फाटक न वाजवता ओढून घेतलं.